दोनची गोळी

ऊसतोडीला गेलेली माणसं एप्रिलात परतली की पाथर्डीच्या पूर्वेला माळावर असलेल्या त्या तीन खोल्यांच्या धर्मादाय दवाखान्यापुढे सकाळी आठपासून रांग लागायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा खांदा उतरलेला, कुणाच्या मनगटाला सूज. सहा महिने कोयता चालवून आणि मोळ्या वाहून आलेली ही माणसं तपासून घ्यायला फारशी राजी नसत. गोळी द्या, एवढंच म्हणत. सिस्टर वृषाली साळवे गोळ्यांची पुडी बांधता बांधता प्रत्येकाला तेच सांगायची. उपाशीपोटी घेऊ नका. तापावरची साधी गोळीसुद्धा दिवसात ठरल्यापेक्षा जास्त झाली की लिव्हर खराब करते. सुजेवरची गोळी पोटाला भोक पाडते, किडनीवर जाते. माणसं मान हलवायची आणि संध्याकाळी किराणा दुकानातून आणखी चार सुट्या गोळ्या घ्यायची.

राहीबाई त्यांतलीच. तीस हंगाम केलेली बाई. तंबाखूच्या चंचीत तिच्या गोळ्या असत आणि मोळी डोक्यावर घ्यायच्या आधी ती दोन तोंडात टाकी. दोन वर्षांपूर्वी फडातच तिला काळी उलटी झाली होती. आतड्याच्या तोंडाशी जखम निघाली. गावी आणल्यावर वृषालीनेच तिला जीपमध्ये घालून नगरला नेलं होतं, आणि तेव्हापासून दोघींचं सूत जुळलं होतं. राहीबाई तिला शिस्टरबाई म्हणे, वृषाली तिला मावशी.

वृषाली भिंगारची. वडील लष्कराच्या गोदामात कारकून होते. सकाळी बुद्धवंदना म्हणायची, मग गोदामात जाऊन प्रत्येक पेटी स्वतः उघडून बघायची, ही त्यांची रीत. घरात अंगारा, उतारा, नवस असलं काही कधी शिरलं नव्हतं. मुलीनंही तेच घेतलं होतं. नाडी बोटाखाली आल्याशिवाय ती आकडा लिहीत नसे, आणि तिच्या छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ कधी मिनिटभर मागेपुढे झालं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात राहीबाईच्या छातीतली कॅन्सरची गाठ मणक्यात उतरल्याचं निदान झालं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याने तिला तपासलं, आता घरी न्या म्हणून सांगितलं, आणि सोबत एक चिठ्ठी व मॉर्फिनच्या गोळ्यांची बाटली दिली. मुलगा सुनील ती बाटली शर्टाच्या आत धरून रात्रभर एस.टी.त बसून आला होता. डॉक्टर लोहकरेंनी ती दवाखान्याच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली. रोजच्या पुरत्या गोळ्या वृषालीने वस्तीवर पोचवायच्या, असं ठरलं.

तोवर राहीबाईला देता येण्यासारखं सगळं देऊन झालं होतं. साधी गोळी, मग सुजेवरची, पोटाची भीती असतानाही, मग त्याहून कडक, कोडीनची. प्रत्येक पायरीवर चार दिवस बरे जात आणि दुखणं पुन्हा वर येई. मणक्यात कुणीतरी गार सळई फिरवतंय, असं ती म्हणे. गार का, असं वृषालीने एकदा विचारलं, तर म्हणाली, गरम असती तर सवय हुती.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी वृषालीला समोर बसवून समजावलं. साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. हलकी गोळी दुखऱ्या जागेवर काम करते, ते म्हणाले. तिथे जे द्रव्य तयार होऊन नसा चेतवतं, तेच ती कमी करते. मॉर्फिनचं तसं नाही.

"ते जखमेला हातच लावत नाही. मणक्यात आणि मेंदूत जाऊन बसतं. दुखणं जागच्या जागी तसंच असतं, सिस्टर. फक्त त्याचा निरोप बाईपर्यंत पोचत नाही."

मग त्यांनी धोके सांगितले. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि झोप. पोट हमखास साफ होणार नाही, तेव्हा एरंडेल सुरुवातीपासूनच. डोस एकदम वाढला तर श्वास मंदावतो, म्हणून मिनिटाला किती श्वास ते रोज मोजायचे. आणि एकदम बंद करायची नाही. सुनीलने वस्तीवर तेच विचारलं होतं, व्यसन लागंल का म्हणून. इतकं दुखत असताना मापात दिलेल्या गोळीला व्यसन म्हणत नाहीत, असं वृषालीने त्याला सांगितलं. ते खरंच होतं.

गोळ्यांच्या वेळा होत्या सकाळी सहा आणि दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि झोपताना दुप्पट. बाकीच्या गोळ्या सून मुक्ता द्यायची. दोनची मात्र वृषाली स्वतः द्यायची, कारण तेव्हा बाह्यरुग्ण संपलेले असत आणि लुनावरून वस्ती वीस मिनिटांची होती.

पहिल्या आठवड्यात जे झालं ते बघून वृषालीचे डोळे भरून आले होते. तीन महिने कुशीवर वळू न शकलेली राहीबाई भिंतीला टेकून बसली. भाकरीचा चतकोर खाल्ला. चुलीपाशी सरकून तिने सुनेच्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि एक भाकरी स्वतः थापली. श्वास मिनिटाला सोळा. जीभ ओली. "माझी पाठ कुनी उचलून नेली," ती म्हणाली, आणि हसली. वृषालीने तिला हसताना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी मुक्ताला कळ आली.

मुक्ता पंचविशीची, काटक, फडात गड्याच्या बरोबरीने कोयता चालवणारी. दुपारी ती पाण्याची कळशी उतरवताना मध्येच थांबली, हात कमरेच्या वर मणक्यावर ठेवला आणि हळूच खाली बसली. वृषालीने तपासलं. उसण भरली असेल म्हणाली आणि पॅरासिटॅमॉल दिलं. संध्याकाळी सहानंतर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर, दहानंतर, दोननंतर. गोळीचा काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी वृषालीने सुजेवरचं इंजेक्शन दिलं. त्याचाही झाला नाही. सुईच्या जागी तेवढा ठणका लागला.

"कसं दुखतं?" वृषालीने विचारलं.

"गार," मुक्ता म्हणाली. "आत सळई फिरवल्यावानी."

वृषालीने ते ऐकलं आणि सासूचं बोलणं कानावर पडून पडून सुनेच्या तोंडात बसलं असेल, असं स्वतःला सांगितलं. तसं होतं. तिने पाहिलेलं होतं. तरी तिने मुक्ताला नगरला पाठवलं, एक्स-रे काढून आणला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मणके एकावर एक रचलेले, स्वच्छ, कुठे डाग नाही. नंतर तिने राहीबाईचा जुना एक्स-रे शेजारी धरला. मुक्ताने बोट ठेवून दाखवलेली जागा आणि त्या फिल्मवरची काळी जागा एकच होती. नववा मणका.

त्यानंतर ती रोज दोनला गोळी देऊन निघून न जाता थांबू लागली. राहीबाई गोळी गिळायची. वृषाली घड्याळाकडे बघत राही. पत्र्याच्या खोलीत मेची धग, माशांचा आवाज, बाहेर शेळीचं ओरडणं. दहा मिनिटं. पंधरा. राहीबाईच्या कपाळावरची आठी सैल व्हायची, मुठी उघडायच्या, ओठ सुटायचे. बरोबर त्याच मिनिटाला पलीकडच्या खोलीतलं जातं थांबायचं.

दोन वाजून बावीस मिनिटं. कधी चोवीस. आवाज न करता मुक्ता भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, पदराचा बोळा दातांत धरून.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं म्हणून डॉक्टरांनी डोस दीडपट केला. त्याच दुपारी समोरच्या घरातली रतनबाई सरपणाचा भारा टाकून मधल्या वाटेवरच बसली. पाठीत एकाएकी काय भरलं कुणास ठाऊक, असं ती मागून सांगत होती. बाई मुक्ताची कुणी नव्हती. तिचा या घरात येण्याजाण्याचाही संबंध नव्हता.

मग वृषालीने अशी एक गोष्ट केली, जी ती पुढे कुणाला सांगू शकली नाही. एका दुपारी तिने दोनची गोळी बदलली. कॅल्शियमची, तेवढ्याच आकाराची, पांढरी. राहीबाईने ती विश्वासाने गिळली. अडीचपर्यंत तिने बाजेची काथ्याची दोरी धरली, पावणेतीनला तिच्या घशातून येणारा आवाज वृषालीला ऐकवेना. पलीकडे जातं थांबलं नव्हतं. मुक्ता दळत होती आणि दळताना, कितीतरी दिवसांनी, काहीतरी गुणगुणत होती.

वृषालीने धावत खरी गोळी दिली. तीन वाजून दहाला गुणगुणणं थांबलं.



डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं, फक्त गोळी बदलल्याचं सांगितलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. मनावर परिणाम होतो, घरात मरणाला टेकलेलं माणूस असलं की होतो, दोन दिवस सुट्टी घे, असं म्हणाले. ती उठली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

"तुला स्वतःला काही दुखतं का, सिस्टर?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि चष्मा न लावताच कागद वाचू लागले.

सुट्टी तिने घेतली नाही, पण दोनची गोळी देऊन न थांबता परतू लागली. तिसऱ्या दिवशी राहीबाईचं अंथरूण बदलताना उशीच्या खोळीत काहीतरी कडक लागलं. मूठभर गोळ्या, लाळेने भिजून सुकलेल्या. जिभेखाली धरून नंतर काढून ठेवलेल्या. दोन दिवस ही बाई काही न घेता पडली होती, आणि या दोन दिवसांत मुक्ता उभी राहून अंगण झाडत होती, हे वृषालीच्या तेव्हा लक्षात आलं.

"मावशी, हे काय केलंत?"

राहीबाईचे ओठ चावून फाटले होते.

"मला दिसतंय की, शिस्टरबाई. मी आंधळी न्हाई. माजं निवलं की तिचं सुरू हुतं. माजं हाय ते माज्यापाशीच राहू द्या."

"असं काही नसतं," वृषाली म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला.

"नसंल. तरी नको."

मुक्ता दारात येऊन उभी होती. तिने सासूकडे पाहिलं नाही. वृषालीला हाताने बाहेर बोलावलं आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन सांगितलं, सलग, खालच्या मानेने. पहिल्या बाळंतपणाला ती फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर अडली होती. गाडी नव्हती, रस्ता चिखलाचा. सासूने तिला पाठीवर घेतलं आणि चार कोस चालत कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. ह्याच पाठीवर. मूल गेलं, पण ती जगली.

"तुमी द्या त्यास्नी गोळी," मुक्ता म्हणाली. "पान्यात विरघळून द्या, म्हंजी काढून ठेवता यायची न्हाई. चार तास तर असतंय. मी सोसते. आन् आता किती दिस ऱ्हायलेत?"

दुखणं असलेल्या माणसाला औषध न देणं हा गुन्हा होता. हे तिला शिकवलेलं होतं आणि ते तिला मान्य होतं. दुसऱ्या बाजूला ठेवायला तिच्यापाशी एक स्वच्छ एक्स-रे आणि घड्याळाची काही मिनिटं, एवढंच होतं.

तेवीस मे, शुक्रवार. दुपारी दोन वाजता तिने गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि चमच्याने राहीबाईला पाजल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस, एक थेंबही जास्त नाही. राहीबाईला ते कळलं असावं. तिने तोंड फिरवलं नाही, फक्त डोळे मिटले. दोन वाजून तेवीस मिनिटांनी तिचा चेहरा सुटला. पलीकडे मुक्ता भुईवर आडवी झाल्याचा आवाज आला.

पावणेतीनला श्वास चौदा होते. तीनला दहा. मग मधे मोठं अंतर पडू लागलं. मरण जवळ आलं की श्वास असाच होतो. वृषालीने तो पुष्कळदा पाहिला होता. तीन वाजून बारा मिनिटांनी ती हात धरून बसलेली असतानाच राहीबाई गेली. चेहऱ्यावर कसलीही खूण नव्हती.

वृषाली पलीकडच्या खोलीत गेली. एक गोष्ट तरी संपली, असं तिच्या मनात होतं.

मुक्ता तशीच पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"मावशी गेल्या," वृषाली म्हणाली. आणि थोडं थांबून, "आता थांबलं असेल ना?"

मुक्ताने नकारार्थी मान हलवली. "हाय," ती म्हणाली. "तसंच हाय."

गोळीचा अंमल चार तासांचा. सहा वाजेपर्यंत. वृषालीने नकळत हिशेब केला आणि तो कशासाठी केला हे तिला एका क्षणाने उमगलं.

ती सुनीलकडे गेली. भाऊबंद वस्तीवरच होते, गोवऱ्या-लाकडं चार दिवसांपासून जमवलेली होती, बाहेरून यायचं कुणी नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, दिवस मावळायच्या आत उरकायचं, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं.

"साडेसहापर्यंत थांबा," वृषाली म्हणाली.

"का वो, सिस्टर?"

डॉक्टर येऊन बघतील, दाखला लागेल, असं काहीतरी ती बोलली. दाखल्याचं उद्या बघू, असं सुनील हात जोडून म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. ती पुन्हा बोलली तेव्हा एका म्हाताऱ्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

अंगणात तिरडी बांधू लागले. सुतळी पहिल्यांदा आवळली तेव्हा खोलीत मुक्ताने दोन्ही हातांनी छाती धरली. दुसरी गाठ बसली तेव्हा नडग्या. वृषालीने तिचं लुगडं वर सरकवून पाहिलं. कातडीवर काही नव्हतं.

पावणेपाचला उचललं. पुरुष ओढ्याकडे गेले. बायका मागे राहिल्या आणि अंगणात लिंबाखाली भिंतीला टेकून बसल्या, रतनबाई आणि आणखी सहा-सात जणी. कुणीतरी धूळ बसावी म्हणून हंडाभर पाणी शिंपडून घेतलं होतं. त्या हलक्या आवाजात राहीबाईबद्दल बोलत होत्या.

वृषालीने दार लोटून घेतलं आणि मुक्ताशेजारी बसली. पत्र्याच्या फटीतून ओढ्यापलीकडचा माळ दिसत होता.

पाच वाजून सोळा मिनिटांनी तिथून धुराची सरळ रेघ निघाली.

"शिस्टर," मुक्ता म्हणाली. फार हळू. "माजे पाय पोळत्यात."

वृषालीने तिचे तळवे हातात घेतले. गार होते. कोरडे, भेगाळलेले, गार.

सहाला अजून चव्वेचाळीस मिनिटं होती.

पर्समध्ये राहीबाईच्या उरलेल्या गोळ्या होत्या, कपाटात परत ठेवायच्या. निरोगी माणसाला ही गोळी द्यायची नसते. श्वास मंदावू शकतो. आणि दिली तर पुढे काय होईल, हेही वृषालीला आता माहीत होतं. निरोप इथे थांबला की तो दुसरं कुणीतरी शोधील.

सर्वांत जवळ मी आहे, असा विचार तिने केला. तिच्या शेजारी मीच बसलेय. येऊ दे माझ्याकडे.

तिने अर्धी गोळी विरघळवून मुक्ताला पाजली, दाराला कडी लावली, मुक्ताला मांडीवर घेतलं आणि स्वतःचे पाय लांब पसरून तयार राहिली.

त्या वीस मिनिटांत मुक्ताने पदराच्या चिंध्या केल्या. ती ओरडली नाही. गुडघे, म्हणाली. मग कंबर म्हणाली. मग तिला बोलता येईना.

वृषाली घड्याळ बघत होती आणि तिचे श्वास मोजत होती. तीस. अठ्ठावीस. चोवीस.

पाच चाळीसला मुक्ताच्या मुठी उघडल्या. ओठ सुटले. श्वास अठरा. ती डोळे मिटून पडली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी ओघळलं.

वृषालीने दात आवळले. वाट पाहिली.

एक मिनिट. दोन. तिच्या तळव्यांना सारवलेल्या भुईचा गारवा लागत होता. बस, एवढंच. काही आलं नाही.

मुक्ताचं डोकं हळूच खाली ठेवून ती उठली. पाय तिला पेलत होते. हसावं की रडावं कळेना. तिने दाराची कडी काढली.

बाहेर उन्हं तिरपी झाली होती. बायका बसल्या होत्या तशाच होत्या आणि रतनबाई राहीबाईच्या हाताच्या भाकरीचं काही सांगत होती. सांगता सांगता तिने पसरलेले पाय उचलून जवळ घेतले आणि तळव्यांवर फुंकर घातली. शेजारचीनेही पाय आत ओढले. मग तिच्या पलीकडचीने. एकीमागून एक, बोलणं न थांबवता, आपण काय करतोय याकडे लक्षही न देता, त्या सगळ्या जणी आपले पाय जमिनीवरून उचलून घेत होत्या.

जमीन अजून ओली होती.